किती सलाईन? एका प्रश्नाची पावणेदोनशे वर्षे

१८३२ सालचा मे महिना. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात पटकीने थैमान घातले होते. थॉमस लाटा या तिथल्या डॉक्टरासमोर एक म्हातारी बाई शेवटच्या घटका मोजत होती. डोळे खोल गेलेले, अंग गार पडलेले, नाडी हाताला लागत नव्हती. त्या काळचे सगळे उपाय करून झाले होते, आणखी काही बिघडण्यासारखे उरले नव्हते. लाटाने तिच्या दंडातली शीर उघडली, तीत नळी बसवली आणि मीठ व सोडा विरघळवलेले पाणी हळूहळू आत सोडायला सुरुवात केली. औंसामागून औंस गेले, तरी काही फरक दिसेना. तो थांबला नाही. मग तिचा श्वास जरा सुकर झाला. डोळ्यांत तेज आले. मनगटावर नाडी लागली. अर्ध्या तासात सुमारे तीन लिटर पाणी तिच्या अंगात गेले, हातपाय गरम झाले आणि ती बाई चक्क थट्टामस्करी करू लागली. आता थोडी झोप मिळाली की झाले, असे तिचे म्हणणे.

लाटा थकला होता. रुग्ण वाचला असे समजून, तिला रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरावर सोपवून तो विश्रांतीला गेला. तिच्या उलट्या आणि जुलाब पुन्हा सुरू झाले. पाणी पुन्हा कुणी दिले नाही. साडेपाच तासांत ती गेली.

हा सगळा प्रसंग लाटाने स्वतःच ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून कळवला. आपले अपयशही त्याने लपवले नाही. शिरेतून सलाईन देण्याच्या इतिहासात हे पत्र पहिले मानतात. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लाटाने पाणी एकदम ओतले नाही. थोडे दिले, नाडी पाहिली, पुन्हा थोडे दिले. रुग्णाचे शरीर काय उत्तर देते ते पाहत पाहत तो पुढे गेला. एवढी साधी रीत डॉक्टरी व्यवहारातून पुढे जवळजवळ हरवली आणि ती परत मिळवायला पावणेदोनशे वर्षे लागली.

लाटाला ही कल्पना ज्याच्यामुळे सुचली, तो विल्यम ओशॉनेसी हा अवघा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर. १८३१ च्या अखेरीस सुंदरलंडमध्ये पटकीच्या रुग्णांचे रक्त तपासून त्याने दाखवले, की त्यातले पाणी आणि क्षार निघून गेले आहेत. जे गेले ते परत द्या, हे त्याचे सांगणे. हा ओशॉनेसी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणाऱ्या तारायंत्राच्या तारा त्याच्याच देखरेखीखाली टाकल्या गेल्या. मुंबईला पहिली तार ज्याच्यामुळे पोचली, त्याच्याच डोक्यात सलाईनची कल्पना प्रथम आली होती. लाटा मात्र १८३३ साली वारला. साथ ओसरली आणि त्याची पद्धतही अनेक दशके बाजूला पडली.

विसाव्या शतकात सलाईन परत आले ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर. तिथे प्रश्न जास्त अवघड होता. पटकीच्या रुग्णाच्या अंगातले पाणी गेले आहे हे डोळ्यांना दिसते. पोट उघडून चार-पाच तास चाललेल्या शस्त्रक्रियेत मात्र सगळाच गोंधळ. रक्त जाते ते थोडे बाटलीत, थोडे कापडांत, थोडे जमिनीवर. भुलीच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे रक्त न जाताही दाब उतरतो. लघवी कमी होते, पण ती ताणामुळेही कमी होते. रुग्ण झोपलेला, तहान लागली असे तो सांगू शकत नाही. दाब उतरला की भूलतज्ज्ञासमोर दोनच वाटा: सलाईन वाढवायचे, की रक्तवाहिन्या आवळणारे औषध द्यायचे. चुकीची वाट धरली तर दोन्हीकडे नुकसान आहे. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडे आणि आतडी उपाशी राहतात. जास्त झाले तर ते फुप्फुसांत झिरपते, आतड्यांना सूज येते, जोडलेले टाके नीट भरत नाहीत.

अमेरिकेत यावरून दोन तट पडले. बोस्टनचे फ्रान्सिस मूर हे शल्यचिकित्सेतले मोठे नाव. १९५९ साली त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. त्यांचे म्हणणे असे, की शस्त्रक्रियेचा आघात झाला की शरीर आपणहून मीठ आणि पाणी धरून ठेवते. लघवी घटते ती शरीराचीच योजना आहे, वर आणखी मिठाचे पाणी ओतू नका. डॅलसचे टॉम शायर्स यांनी १९६१ साली नेमके उलटे मांडले. शस्त्रक्रियेत पेशींबाहेरचे पाणी सुजेत आणि आतड्यांत अडकून बसते, ते शरीरात असून नसल्यासारखे, म्हणून भरपूर द्या. (हेच ते शायर्स, ज्यांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडी हत्येच्या वेळी जखमी झालेले गव्हर्नर कॉनली यांच्या मांडीवर आणि दोन दिवसांनी ऑस्वाल्डवर शस्त्रक्रिया केली.) शायर्स यांचा विचार सर्वत्र पसरला, पण पसरताना त्यातला विवेक गळाला. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांना लिटरच्या लिटर सलाईन दिले गेले. ते रक्तस्रावातून वाचू लागले आणि त्यांची फुप्फुसे मात्र पाण्याने भरू लागली. त्या दुखण्याला ‘दा नांग लंग’ असे नाव पडले. अखेर १९६७ साली मूर आणि शायर्स या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून एक संपादकीय लिहिले आणि दोन्ही टोके सोडा, संयमाने वागा, असे आपल्या व्यवसायबंधूंना विनवले.

संयम म्हणजे नेमके किती मिलिलिटर, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते. कारण वाद चालला होता तो सरासरी रुग्णाबद्दल. या टेबलावरच्या, या घटकेच्या रुग्णाला आणखी पाणी दिले तर त्याचे हृदय जास्त रक्त फेकेल का, हा प्रश्न निराळा होता. आणि त्याचे उत्तर जिथे दडलेले होते ते शास्त्र तेव्हा अर्धशतक जुने झाले होते.

म्युनिकमध्ये ऑटो फ्रँक यांनी १८९५ साली बेडकाच्या हृदयावर आणि लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९१४ च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग करून जे सिद्ध केले, ते गलोल हातात धरलेल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असते. रबर जितका ताणावा तितका खडा लांब जातो. हृदयात जास्त रक्त आले की त्याच्या स्नायूचे धागे ताणले जातात आणि पुढचा ठोका जोरकस पडतो. पण रबर आधीच पूर्ण ताणलेला असेल तर आणखी ओढून काही उपयोग नाही. हृदयाचेही तसेच. आलेख काढला तर आधी चढ आणि मग पठार दिसते. चढावर उभ्या असलेल्या रुग्णाला सलाईन दिले की हृदयाचे काम वाढते. पठारावर पोचलेल्याला दिले तर ते नुसते मागे तुंबते. सलाईन कुणाला लागू पडेल, हा सगळा प्रश्न एवढ्यातच आहे: हा रुग्ण चढावर आहे की पठारावर?

हे ओळखायचे कसे? डॉक्टरांनी दाब मोजायला घेतला. विचार साधा होता, टाकीत पाणी किती आहे ते पातळीवरून कळते, तसे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबावरून कळेल. या कल्पनेमागेही फार जुना वारसा होता. टेडिंग्टनचा पाद्री स्टीफन हेल्स याने एका घोडीला उताणी बांधून तिच्या मांडीतल्या धमनीत काचेची लांब नळी बसवली होती. रक्त आठ फूट तीन इंच वर चढले. त्याने जनावरांच्या मानेच्या शिरेतलाही दाब मोजला, थोडे थोडे रक्त काढत नळीतली पातळी कशी उतरते त्याची नोंद ठेवली आणि १७३३ साली हे सगळे पुस्तकरूपाने छापले. ही घोडी लक्षात ठेवावी, तिचा संबंध पुढे येणार आहे.

१९६० च्या दशकापासून शिरेतला दाब मोजणे हा मोठ्या शस्त्रक्रियांचा नित्यक्रम झाला. खाटेशेजारी उभी केलेली काचेची किंवा प्लास्टिकची नळी, मागे सेंटिमीटरची पट्टी, शून्याची खूण रुग्णाच्या छातीच्या मध्याशी जुळवलेली. डॉक्टर गुडघ्यावर बसून, डोळा पातळीला लावून आकडा वाचायचे. श्वासाबरोबर पातळी हलायची. आकडा कमी आला की बाटली सुरू, जास्त आला की बंद. ही रीत इतकी रुळली, की भूलशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या ती शिकत आल्या.

ती पुरेशी नाही अशी शंका येऊ लागली, तेव्हा उपाय म्हणून आणखी आतला दाब मोजायचे ठरले. लॉस एंजेलिसचे जेरेमी स्वान १९६७ साली मुलांना घेऊन सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर गेले होते. वारा पडलेला, बहुतेक होड्या जागच्या जागी, पण फुगलेले मोठे शीड लावलेली एक होडी पुढे सरकत होती. नळीच्या टोकाला असा छोटा फुगा बसवला तर रक्ताचा प्रवाहच तिला हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत ओढून नेईल, हे त्यांच्या मनात आले. विल्यम गँझ यांच्यासह त्यांनी १९७० साली ते काम प्रसिद्ध केले. स्वान-गँझ नळी जगभर पोचली. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज आता खाटेशी उभे राहून घेता येत होता. पण १९९६ साली ५,७३५ रुग्णांच्या अभ्यासात ही नळी घातलेल्यांमध्ये मृत्यू उलट जास्त आढळले. २००३ साली मोठ्या शस्त्रक्रियांच्या १,९९४ वयस्क, धोक्यातल्या रुग्णांवरची चाचणी आली, तिच्यातही नळीचा काही फायदा दिसला नाही.

चूक मोजमापात नव्हती. चूक होती ती प्रश्नात. दाब ही एका क्षणाची पातळी आहे. ताठर झालेल्या हृदयात थोडे रक्तही जास्त दाब दाखवते, सैल हृदयात पुष्कळ रक्त असूनही दाब कमी दिसतो. एकाच आकड्याला एक रुग्ण चढावर असतो, दुसरा पठारावर. गलोल किती ताणता येईल हे ती ताणून पाहिल्याशिवाय कसे कळणार?

आणि गंमत अशी, की शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती दर चार-पाच सेकंदांनी ताणली जातच होती. भूल दिलेला रुग्ण स्वतः श्वास घेत नाही, यंत्र त्याच्या छातीत हवा ढकलते. हवा आत गेली की छातीतला दाब वाढतो आणि शिरांतून हृदयाकडे येणारे रक्त क्षणभर अडते. ती तूट दोन-तीन ठोक्यांनी फुप्फुसांतून हृदयाच्या डाव्या बाजूला पोचते आणि धमनीतला ठोका लहान होतो. हवा बाहेर पडली की रक्त पुन्हा येते, ठोका मोठा होतो. हृदय चढावर असेल तर हा फरक ठळक दिसतो, पठारावर असेल तर ठोके जवळजवळ सारखेच राहतात. म्हणजे दर श्वासाला यंत्र रुग्णाची परीक्षा घेत होते आणि उत्तर मॉनिटरवरच्या, धमनीतला दाब दाखवणाऱ्या लाल रेघेवर उमटत होते.

ती रेघ वर-खाली डुलते हे भूलतज्ज्ञ रोज पाहत होते. डुलणे वाढले की ‘रुग्णाला पाणी कमी पडतंय’ असे अनुभवी डॉक्टर म्हणतही असत. त्याला शास्त्राचा आधार दिला तो जेरुसलेममध्ये अझ्रिएल पेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. व्हेंटिलेटरवरच्या कुत्र्यांचे रक्त टप्प्याटप्प्याने काढत त्यांनी दाखवले, की जसजसे रक्त कमी होते तसतसे श्वासाबरोबरचे हे चढउतार वाढत जातात. हा निबंध १९८७ सालचा. त्यानंतरही जगाने तेरा वर्षे शिरेतल्या दाबावरच भिस्त ठेवली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग २००० साल. पॅरिसला लागून असलेल्या बिसेत्र रुग्णालयात फ्रेडरिक मिशार, जाँ-लुई तेबूल आणि सहकाऱ्यांनी व्हेंटिलेटरवरचे, जंतुसंसर्गाने रक्ताभिसरण ढासळलेले ४० रुग्ण घेतले. हे रुग्ण अतिदक्षता विभागातले होते, पण त्यातून निघालेली रीत पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जास्त रुजली. त्यांनी आधी धमनीच्या रेघेवरून एक आकडा काढला, मग प्रत्येकाला ५०० मिलिलिटर द्रव दिला आणि हृदयाचे काम किती वाढते ते मोजले.

तो आकडा कसा काढतात ते इथे सांगतोच, कारण गणित शाळकरी आहे. समजा एका श्वासात सर्वांत मोठ्या ठोक्याचा दाब १२० आणि ७०, म्हणजे फरक ५०. सर्वांत लहान ठोक्याचा १०६ आणि ६६, फरक ४०. दोहोंतले अंतर १०, त्यांची सरासरी ४५. दहाला पंचेचाळीसने भागले की साधारण २२ टक्के. हा रुग्ण चढावर आहे, पाणी दिले तर त्याचे हृदय उत्तर देईल. हेच अंतर दोनचे असते तर आकडा चार-पाच टक्क्यांवर आला असता आणि मग बाटलीला हात लावण्यात अर्थ नव्हता.

बिसेत्रमध्ये ४० पैकी १६ जणांच्या हृदयाचे काम द्रव दिल्यावर किमान १५ टक्क्यांनी वाढले, २४ जणांचे नाही. सीमारेषा निघाली १३ टक्के. प्रतिसाद देणाऱ्या १६ पैकी १५ जण तिच्यावर होते, न देणाऱ्या २४ पैकी २३ जण तिच्याखाली. त्याच रुग्णांच्या शिरेतल्या आणि फुप्फुसाच्या धमनीतल्या दाबावरून मात्र दोन गट वेगळे करता येत नव्हते. २४ जणांना अर्धा लिटर द्रव देऊन त्यांच्या हृदयाला काही लाभ झाला नव्हता, हा त्या निबंधातला मला सर्वांत बोलका वाटलेला भाग.

तरीही जुनी सवय सुटायला वेळ लागला. २००८ साली पॉल मरीक आणि सहकाऱ्यांनी शिरेतल्या दाबावरचे २४ अभ्यास, ८०३ रुग्ण, एकत्र करून पाहिले. सलाईन लागू पडेल की नाही हे त्या दाबावरून ओळखण्याची क्षमता निघाली ०.५६. नाणे उडवून ठरवले असते तर ०.५० मिळाली असती. अख्ख्या वाङ्मयात त्यांना एकच अभ्यास असा सापडला, की ज्यात शिरेतला दाब रक्ताच्या प्रमाणाशी नीट जुळत होता. तो माणसांवरचा नव्हता. जाग्या, उभ्या असलेल्या सात घोड्यांच्या माद्यांचे रक्त काढून तो केला होता. मरीक यांनी निबंधाच्या नावातच सात घोड्यांची कथा असा उल्लेख केला. हेल्सच्या घोडीपासून निघालेली वाट पावणेतीनशे वर्षांनी पुन्हा घोड्यांपाशीच येऊन थांबली.

नव्या आकड्याच्या मर्यादाही लवकरच कळल्या. रुग्ण स्वतः श्वास घेत असेल, ठोके अनियमित असतील, छाती उघडलेली असेल, तर तो फसवतो. यंत्राचा श्वास वजनाच्या दर किलोला ८ मिलिलिटरपेक्षा लहान असला तरीही फसवतो, आणि फुप्फुसे जपण्यासाठी हल्ली श्वास लहानच ठेवतात. २०११ साली मॅक्सिम कानसाँ आणि सहकाऱ्यांनी भुलीखालच्या ४१३ रुग्णांवरून दाखवले, की ९ ते १३ टक्क्यांच्या दरम्यान ठाम काही सांगता येत नाही, आणि सुमारे चौथा हिस्सा रुग्ण याच पट्ट्यात पडतात. अतिदक्षता विभागात अशा वेळी रुग्णाचे पाय उचलून धरतात. पायांतले साधारण ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येते, उत्तर कळते, पाय खाली ठेवले की रक्त परत जाते. एक थेंबही बाहेरून द्यावा लागत नाही. पोट उघडे असलेल्या रुग्णाचे पाय उचलता येत नाहीत, म्हणून तिथे १००-२०० मिलिलिटर देऊन पाहतात.

आणखी एक गोष्ट समजायला आणखी काही वर्षे गेली. सलाईन दिले तर हृदयाचे काम वाढेल, याचा अर्थ ते द्यायलाच हवे असा नाही. धडधाकट माणसाचे हृदयही चढावरच असते. मूर आणि शायर्स यांचा वाद नव्याने तपासणारी मोठी चाचणी २०१८ साली आली. सात देशांतले, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे ३,००० रुग्ण. पहिल्या दिवसभरात एका गटाला सुमारे ३.७ लिटर, दुसऱ्याला ६.१ लिटर. वर्षभरानंतर अपंगत्वाशिवाय जगणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे होते, पण हात आखडलेल्या गटात मूत्रपिंडांना इजा ८.६ टक्के जणांना झाली, सढळ गटात ५ टक्के. १९६७ च्या त्या संपादकीयातली विनवणी अजूनही लागू आहे, असे मी यावरून मानतो.

मग लाटाची रीत आठवते. थोडे द्यायचे, नाडी पाहायची, मग पुढचे ठरवायचे. आज भूलतज्ज्ञ नाडीऐवजी मॉनिटरची रेघ पाहतो आणि औंसांऐवजी मिलिलिटर मोजतो. टेबलाशेजारून तो उठत नाही.

आपल्याकडे थोडा अशक्तपणा आला तरी ‘डॉक्टर, एक सलाईन लावा ना’ असे आपण सहज म्हणतो. घरातल्या कुणाची मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाला अवश्य भेटा. हृदयाचे, मूत्रपिंडांचे जुने दुखणे, चालू गोळ्या, जिना चढताना लागणारी धाप, सगळे त्यांना सांगा. आणि शस्त्रक्रियेनंतर बाटली संपली की ‘अजून एक लावा’ असा आग्रह कृपा करून धरू नका.